राजापूर लोकसभा मतदारसंघ (१९५७–२००९): प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५ — व्याप्ती

राजापूर मतदारसंघ दुसऱ्या लोकसभेपासून चौदाव्या लोकसभेपर्यंत होता. सार्वत्रिक निवडणुका १३, पोटनिवडणूक एकही नाही, खासदार चारच: बॅ. नाथ पै (१९५७, १९६२, १९६७), मधु दंडवते (१९७१, १९७७, १९८०, १९८४, १९८९), सुधीर सावंत (१९९१) आणि सुरेश प्रभू (१९९६, १९९८, १९९९, २००४). काँग्रेसला ही जागा १३ पैकी एकदाच मिळाली, १९९१ मध्ये.

एवढी यादी कुठेही सापडते. या प्रकल्पाचं काम त्यापुढचं आहे. प्रत्येक निवडणुकीला "राजापूर" म्हणजे नेमकी कुठली गावं, त्या जागेला राज्यात कुठला क्रमांक, कुठलं राज्य, कुठला जिल्हा, आणि निकालपत्रात पक्षाचं नाव काय छापलंय, हे सगळं एकमेकांना जोडून ठेवायचं. ५२ वर्षांत नाव तेच राहिलं, पण त्या नावाखालची चौकट बदलत गेली. ती वेगळी नोंदवली नाही तर "समाजवाद्यांचा गड" किंवा "सेनेचा बालेकिल्ला" ही विधानं कुठल्या गावांबद्दल आहेत, तेच कळत नाही.

१९५२ चं काय करायचं? तेव्हा राजापूर नावाची लोकसभेची जागा नव्हती. रत्नागिरी उत्तर आणि रत्नागिरी दक्षिण अशा दोन होत्या. रत्नागिरी दक्षिणेला "पूर्वीची संबंधित जागा" म्हणून वेगळ्या तक्त्यात ठेवायचं. राजापूरच्या मुख्य यादीत १९५२ ची ओळ येणार नाही.

९ जानेवारी — तक्त्याची रचना

तीन तक्ते:

पहिला, मतदारसंघ-आवृत्ती. प्रत्येक परिसीमन आदेशाला (मतदारसंघांच्या सीमा आखून देणाऱ्या आदेशाला) एक ओळ. सीमा तशीच राहिली असली तरी नवी ओळ करायची आणि "बदल नाही" असं लिहायचं. रिकामा रकाना आणि "बदल नाही" यांत फार फरक आहे: पहिल्यात तपासणी झालेली नाही, दुसऱ्यात झाली आहे.

दुसरा, निवडणूक. वर्ष, लोकसभा क्रमांक, आवृत्तीचा संदर्भ, एकूण मतदार (पुरुष, स्त्री), झालेलं मतदान, अवैध मतं, वैध मतं.

तिसरा, उमेदवार. नाव जसं छापलंय तसं, नाव मराठीत प्रमाणित, पक्ष जसा छापलाय तसा, पक्ष प्रत्यक्षात, मतं. "छापलेलं" आणि "प्रत्यक्ष" हे दोन रकाने कधीही एकत्र करू नयेत. कारण १९५७ आणि १९७७ च्या नोंदींमध्ये येईल.

दोन तक्ते जोडायची किल्ली म्हणून मतदारसंघाचा क्रमांक वापरायचा नाही. १९७६ च्या आदेशात महाराष्ट्राची मोजणी दक्षिणेकडून सुरू होते: १ राजापूर, २ रत्नागिरी, ३ कुलाबा, मग मुंबई, आणि शेवटी ४८ कोल्हापूर. २००८ च्या आदेशात ती वायव्येकडून सुरू होते: १ नंदुरबार, ४६ रत्नागिरी-सिंधुदुर्ग, ४७ कोल्हापूर, ४८ हातकणंगले. क्रमांकावर जोडणी केली की दंडवते आणि प्रभू यांच्या निवडणुका नंदुरबारच्या इतिहासाला चिकटतात. ही चूक चटकन दिसत नाही, कारण ४८ पैकी ४८ ओळी जुळतात आणि संगणक कुठेही तक्रार करत नाही. विधानसभेचंही तसंच. जुन्या क्रमात १ म्हणजे सावंतवाडी, नव्या क्रमात १ म्हणजे अक्कलकुवा आणि सावंतवाडी २७०.

किल्ली अशी: राज्य + आदेशाचं वर्ष + नाव. नावाची लेखनं दोन, "राजापूर" आणि हिंदी कागदांतलं "राजापुर". शोधताना दोन्ही टाकायची. राजापूर नावाची विधानसभेची जागा वेगळी आहे आणि ती आजही आहे, म्हणून "लोकसभा" हा शब्द किल्लीत हवाच.

१४ जानेवारी — राज्याचा रकाना

१९५७ चा निकाल "महाराष्ट्र" खाली शोधून मिळणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ ते ३० एप्रिल १९६० हे द्विभाषिक मुंबई राज्य होतं. लोकसभेच्या ६६ जागा, त्यांत गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, मराठवाडा, विदर्भ सगळं. १९५२ चं मुंबई राज्य त्याहून निराळं, ४५ जागांचं. १९६२ पासून महाराष्ट्र: ४४ जागा, १९६७ आणि १९७१ ला ४५, १९७७ पासून ४८.

राज्याच्या सरासरीशी तुलना करायची असेल तर १९५७ ला "राज्य" म्हणजे काय हे आधी ठरवावं लागतं. इथे १९५७ साठी राज्याची सरासरी काढायची नाही असं ठरलं.

२१ जानेवारी — १९५७, १९६२, १९६७

१९५७: पक्षाच्या रकान्यात प्रजा समाजवादी पक्ष. प्रत्यक्षात ही निवडणूक संयुक्त महाराष्ट्र समितीची. समिती हा नोंदणीकृत पक्ष नव्हता, घटक पक्ष आपापल्या चिन्हांवर लढले. त्यामुळे छापील अहवालात "समिती" असं कुठे सापडत नाही. शेजारच्या रत्नागिरीत त्याच लाटेत भारतीय जनसंघाचे प्रेमजीभाई आशर निवडून आले. नुसते पक्षाचे रकाने वाचणाऱ्याला एका जिल्ह्यातल्या दोन शेजारी जागांवर समाजवादी आणि जनसंघ असा परस्परविरोधी कौल दिसतो. तसं नव्हतं, म्हणून उमेदवार तक्त्यात "आघाडी" हा वेगळा रकाना वाढवला.

१९५७ च्या मतदानपद्धतीमुळे एक अडचण आहे. पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत साधारणपणे प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असे. मतदार मतपत्रिकेवर खूण करत नसे, हव्या त्या उमेदवाराच्या पेटीत ती टाकत असे. त्यामुळे अवैध मतांची कारणं वेगळी. पुढच्या निवडणुकांत शिक्का चुकीच्या जागी पडणं, दोन नावांवर पडणं, शाई पसरणं ही कारणं आली. अवैध मतांचं प्रमाण १९५७ पासून १९९९ पर्यंत एका रेषेत काढू नये. २००४ ला सगळीकडे मतदान यंत्रं आली, तिथे हा प्रश्नच उरत नाही.

१९६२ आणि १९६७: पक्ष प्रजा समाजवादी, चिन्ह झोपडी. मधल्या काळात समाजवाद्यांची फाटाफूट, विलीनीकरण, पुन्हा फाटाफूट झाली, पण नाथ पै प्रजा समाजवादीतच राहिले. संयुक्त समाजवादी पक्षाशी गल्लत करू नये. इंग्रजी संक्षेपांत एकाच अक्षराचा फरक आहे आणि स्कॅन केलेल्या पानावरून मजकूर उचलताना हमखास गोंधळ होतो.

खासदाराच्या टिपणात एक गोष्ट घ्यायलाच हवी. गोलकनाथ खटल्याचा निकाल २७ फेब्रुवारी १९६७ चा. मूलभूत हक्क कमी करण्याचा अधिकार संसदेला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. त्याच वर्षी नाथ पै यांनी घटनादुरुस्तीचा अधिकार संसदेकडे परत आणणारं खासगी विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही. १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने पुढे तोच हेतू साधला. वेंगुर्ल्यात जन्मलेल्या या खासदाराचं नाव देशाच्या घटनात्मक इतिहासात "नाथ पै विधेयक" म्हणून राहिलं आहे. मतदारसंघाच्या इतिहासात हे नसेल तर तो इतिहास नुसत्या आकड्यांचा होईल.

२८ जानेवारी — १९७१ ही पोटनिवडणूक नव्हती

नाथ पै यांचं निधन १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात झालं. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत दंडवते निवडून आले. त्यामुळे ही पोटनिवडणूक होती असा समज सहज होतो. पण चौथी लोकसभा २७ डिसेंबर १९७० रोजीच विसर्जित झाली होती. नाथ पै गेले तेव्हा राजापूरची जागा रिक्त होण्याचा प्रश्नच नव्हता, कारण सभागृहच अस्तित्वात नव्हतं. मार्च १९७१ ची निवडणूक सार्वत्रिकच. "कारण" रकान्यात पोटनिवडणूक लिहिलं तर एकूण संख्या १३ ऐवजी १४ होते आणि पाचव्या लोकसभेला दोन ओळी येतात. तक्त्यात अशी जोडओळ दिसली की आधी हे तपासावं.

इंदिरा लाटेच्या त्या निवडणुकीत प्रजा समाजवादी पक्षाला देशभरात दोनच जागा मिळाल्या: राजापूर आणि बंगालमधली काँथी, जिथून समर गुहा आले. पक्षाच्या शेवटच्या सार्वत्रिक निवडणुकीत टिकलेल्या दोन जागांपैकी एक कोकणातली होती. त्याच वर्षी पक्षाचं विलीनीकरण झालं.

४ फेब्रुवारी — १९७७: भारतीय लोक दल?

सर्वांत जास्त घोळ या ओळीत होतो. निवडणूक आयोगाच्या १९७७ च्या सांख्यिकी अहवालात दंडवते यांच्यापुढे भारतीय लोक दलाचा संक्षेप आहे. दंडवते चरणसिंगांच्या पक्षात कधीच नव्हते. जनता पक्ष तेव्हा नोंदणीकृत नव्हता, म्हणून महाराष्ट्रातले त्याचे उमेदवार लोक दलाच्या नांगरधारी शेतकरी या चिन्हावर लढले आणि अहवालात चिन्हाप्रमाणे पक्ष छापला गेला. छापील: भा. लो. द. प्रत्यक्ष: जनता पक्ष.

१९८० ला छापील आणि प्रत्यक्ष दोन्ही जनता पक्ष. पण त्या वर्षी जनता पक्ष (सेक्युलर) हा चरणसिंगांचा पक्ष वेगळा आहे, त्याचा संक्षेप जवळपास सारखा, फक्त कंसातलं एक अक्षर जास्त. मजकूर उचलताना कंस गळतो. हाताने तपासावं.

सातव्या लोकसभेसाठी आडनावावर शोध घेतला तर दंडवते दोन येतात. प्रमिला दंडवते त्याच वर्षी मुंबई उत्तर मध्यमधून जनता पक्षाच्याच खासदार झाल्या. आडनाव आणि पक्ष जुळतात म्हणून संगणक दोन ओळी एक करतो. मतदारसंघाचं नाव सोबत जुळल्याशिवाय ओळी एकत्र करायच्या नाहीत.

१९८४ ही ओळ वेगळ्या रंगात ठेवली आहे. महाराष्ट्रात ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसच्या. उरलेल्या पाचांत जनता पक्षाची एकच, राजापूर. देशभरात जनता पक्षाला दहा. लाटेविरुद्ध टिकलेल्या जागा म्हणून १९७१ आणि १९८४ ही दोन वर्षं एकत्र अभ्यासायला हवीत, आणि त्यांच्या सीमा दोन वेगळ्या आदेशांतल्या आहेत हे लक्षात ठेवून.

१९८९: जनता दल, चिन्ह चक्र. मतदानाचं वय एकसष्टाव्या दुरुस्तीने २१ वरून १८ झालं, त्यानंतरची ही पहिली लोकसभा निवडणूक. १९८४ ते १९८९ मतदारांची वाढ थेट लोकसंख्यावाढ म्हणून वाचू नये.

११ फेब्रुवारी — आकड्यांची तपासणी

प्रत्येक निवडणुकीला चार तपासण्या, याच क्रमाने:

उमेदवारांच्या मतांची बेरीज = वैध मतं.
वैध + अवैध = झालेलं मतदान.
पुरुष मतदार + स्त्री मतदार = एकूण मतदार.
पहिला वजा दुसरा = छापील मताधिक्य.

पहिली तपासणी चुकली की बहुतेक वेळा स्कॅनमधला अंक असतो: ३ आणि ८, १ आणि ७, ५ आणि ६. फरक ५०, ५००, ५००० असा नेमका आला तर ३ आणि ८ यांची अदलाबदल आधी बघावी, कारण त्या दोघांत पाचाचं अंतर आहे. ६ चा फरक असेल तर १ आणि ७.

स्त्री-पुरुष मतदारांसाठी एक खास नोंद. इतर जिल्ह्यांत पुरुष मतदार जास्त असणं नेहमीचं, आणि रकाने उलटे झाल्याचा संशय स्त्रिया जास्त दिसल्यावर येतो. इथे तसं करू नये. २००१ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे रत्नागिरीत १,१३६ आणि सिंधुदुर्गात १,०७९ स्त्रिया. कर्ता पुरुष मुंबईला आणि घर गावाला, ही इथली जुनी रीत. मात्र मुंबईत राहणाऱ्या चाकरमान्याचं नाव गावच्या यादीतही असू शकतं, म्हणून जनगणनेचं प्रमाण मतदारयादीला जसंच्या तसं लावता येत नाही. याच कारणाने इथल्या मतदानाच्या टक्केवारीवरून "उदासीनता" असा निष्कर्ष काढायचा नाही. यादीतला माणूस त्या दिवशी गावात होता का, हा प्रश्न आधी येतो.

केंद्रनिहाय आकडे: ते नमुना २० मध्ये असतात, म्हणजे अंतिम निकालपत्रात. मागणी अर्जात नमुन्याचा क्रमांक, निवडणुकीचं वर्ष आणि विधानसभा क्षेत्राचं नाव तिन्ही लिहावं. नुसतं "निकाल द्या" लिहिलं तर एका पानाची गोषवारा प्रत मिळते. जुन्या वर्षांसाठी विचारताना सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी दोन्ही जिल्ह्यांना अर्ज करावा. आयोगाने मतपत्रिका मिसळून मोजायला सांगितलेल्या ठिकाणी केंद्रनिहाय आकडे मुळात तयारच झाले नाहीत, तिथे शोधत बसू नये.

१८ फेब्रुवारी — जिल्हा बदलला, नाव राहिलं

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधी सगळं रत्नागिरी जिल्ह्यात. १९७६ चा आदेश जुन्या रत्नागिरी जिल्ह्यावर लिहिलेला आहे, त्यामुळे त्यात "सिंधुदुर्ग" शोधून काही मिळत नाही. १९८४ ते २००४ असं चित्र की मतदारसंघाचं नाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूरचं आणि मोठा भूभाग सिंधुदुर्गाचा: सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण, देवगड. नकाशावर १९८१ ची जिल्हासीमा तुटक रेषेने दाखवायची.

दोडामार्ग तालुका १९९९ चा. आजच्या तालुक्यांचा नकाशा घेऊन १९७६ चा आदेश रंगवला तर दोडामार्ग पांढरा राहतो, कारण आदेशात ते नाव नाही. ती गावं सावंतवाडीत मोजायची.

सीमा उभी करण्याची पद्धत: आदेशातला मजकूर तालुका, महसूल मंडळ आणि कुठे कुठे तलाठी सज्जापर्यंत उतरतो. आधी १९७१ च्या जिल्हा जनगणना पुस्तिकेतून त्या मंडळांची गावयादी काढायची. मग त्या गावांना आजचे संकेतांक लावायचे. मग आजच्या गावसीमा एकत्र करायच्या. शेवटी दोन तपासण्या: कुठलंही गाव दोन जागांत नको, आणि कुठलंही गाव दोन्हींतून सुटलेलं नको. समान नावाची गावं आणि वाड्यांची पुढे झालेली स्वतंत्र गावं इथे अडवतात. म्हणून नावावर नव्हे, मंडळ + नाव या जोडीवर जुळवायचं.

जुना छापील नकाशा बसवताना खाडीमुखं खुणेची जागा म्हणून वापरू नयेत. वाळूची दांडी सरकते. विजयदुर्ग, मालवणचा सिंधुदुर्ग आणि रेडीचा यशवंतगड हे तीन किल्ले पश्चिमेकडे, आणि घाटमाथ्यावरच्या आंबोलीसारख्या जागा पूर्वेकडे घ्याव्यात. सगळ्या खुणा किनाऱ्यावर घेतल्या तर सह्याद्रीकडची बाजू तिरकी बसते. जुने सर्वेक्षण नकाशे एव्हरेस्ट पृथ्वीमानावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती मापावर) आहेत, आजचे उपग्रही मानावर. रूपांतर न करता एकावर एक ठेवले तर सीमेवरची छोटी गावं चुकीच्या बाजूला पडतात.

२५ फेब्रुवारी — १९९१ ते २००४

१९९१: सुधीर सावंत, काँग्रेस. पाच वेळच्या खासदाराचा पराभव, आणि तो कोकण रेल्वेचं काम सुरू झाल्यानंतर लगेचच. कालरेषा अशी: रोह्यापर्यंत रेल्वे १९८६ ला आली. कोकण रेल्वे महामंडळ जुलै १९९० मध्ये स्थापन झालं, तेव्हा रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस आणि अर्थमंत्री दंडवते. संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला खुला झाला. दंडवते १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री होते आणि या मार्गाचा पाठपुरावा त्यांनी दोन दशकं केला, पण गाड्या धावू लागल्या तेव्हा ते खासदार नव्हते. पराभवाचं एकच कारण लिहायचं नाही. उमेदवारनिहाय आकडे शेजारी ठेवायचे, वाचणारा ठरवेल.

१९९६ ते २००४: सुरेश प्रभू, शिवसेना, धनुष्यबाण. १९९८ ची नोंद जपून करावी. राज्यात सेनेच्या जागा १९९६ च्या १५ वरून ६ वर आल्या, त्या सहांत राजापूर होती. मंत्रिपदं: १९९६ च्या तेरा दिवसांच्या सरकारात उद्योग, १९९८ पासून पर्यावरण आणि वन, १९९९ ला रसायनं आणि खतं, २००० ते २००२ ऊर्जा. २०१४ चं रेल्वेमंत्रिपद राजापूरच्या खात्यात टाकू नये, तेव्हा मतदारसंघ उरला नव्हता आणि ते राज्यसभेवर होते. दंडवते आणि प्रभू दोघेही रेल्वेमंत्री झाले, म्हणून "राजापूरने दोन रेल्वेमंत्री दिले" हे वाक्य पुष्कळ ठिकाणी येईल. राजापूरचा खासदार असताना रेल्वेमंत्री झालेले एकटे दंडवते.

४ मार्च — जागा का गेली

उत्तर गणितात आहे, आणि ते इथे पूर्ण मांडायला हवं.

१९७१ ची जनगणना: महाराष्ट्र ५,०४,१२,२३५. भागिले २८८ म्हणजे विधानसभेच्या एका जागेमागे सुमारे १.७५ लाख, भागिले ४८ म्हणजे लोकसभेच्या जागेमागे सुमारे १०.५ लाख. अखंड रत्नागिरी जिल्हा सुमारे १९.९ लाख. विधानसभेच्या ११.३७, म्हणजे ११ जागा. लोकसभेच्या १.९, म्हणजे जवळपास दोन. राजापूर आणि रत्नागिरी या दोन जागा अशा उभ्या राहिल्या.

२००१: महाराष्ट्र ९,६८,७८,६२७. विधानसभेच्या जागेमागे ३,३६,३८४, लोकसभेच्या जागेमागे सुमारे २०.१८ लाख. रत्नागिरी १६,९६,७७७, भागाकार ५.०४, जागा ५. सिंधुदुर्ग ८,६८,८२५, भागाकार २.५८, जागा ३. मिळून ८. तीस वर्षांत ११ वरून ८. लोकसभेचा भागाकार १.२७.

म्हणजे २००८ ला कोणी ठरवून राजापूर पुसलं नाही. राज्याची लोकसंख्या जवळपास दुप्पट झाली आणि या दोन जिल्ह्यांची मिळून २९ टक्क्यांच्या आसपासच वाढली. गेलेली माणसं मुंबई-ठाण्यात मोजली गेली, आणि जागाही तिकडे सरकल्या. वेंगुर्ला, मालवण, देवगड, संगमेश्वर, खेड ही विधानसभेची नावं याच भागाकारात गेली. कणकवली आणि कुडाळ आली.

हा बदल एकदम जाणवला, कारण मधली तीस वर्षं गोठवलेली होती. बेचाळिसाव्या दुरुस्तीने १९७१ चे आकडे धरून ठेवले, चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने राज्यांच्या जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत तशीच ठेवली, आणि सत्त्याऐंशीव्याने राज्याच्या आतली फेरमांडणी २००१ च्या जनगणनेवर करायला सांगितली. न्या. कुलदीप सिंग परिसीमन आयोगाचा आदेश १९ फेब्रुवारी २००८ ला लागू झाला.

७ मार्च — शेवटची तारीख आणि वारस

"२००८ मध्ये रद्द" हे अर्धं उत्तर. नव्या सीमा पुढच्या निवडणुकीला लागू होतात, चालू सभागृहातलं प्रतिनिधित्व तसंच राहतं. प्रभू १८ मे २००९ रोजी चौदावी लोकसभा विसर्जित होईपर्यंत राजापूरचे खासदार होते. तक्त्यात दोन रकाने: आदेश लागू १९ फेब्रुवारी २००८, प्रतिनिधित्व समाप्त १८ मे २००९.

रत्नागिरी-सिंधुदुर्ग हा "राजापूरचं नवं नाव" नाही. त्यात चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी. त्याच वेळी जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातले गुहागर आणि दापोली पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड यांच्याबरोबर रायगड मतदारसंघात गेले. वारसाचा रकाना एक नाव घेणारा ठेवायचा नाही. गावांच्या यादीवरून किती गावं कुठे गेली ते मोजायचं आणि ती संख्या लिहायची.

२००९ ला नव्या जागेवर नीलेश राणे (काँग्रेस) यांनी प्रभूंचा पराभव केला. ही ओळ नव्या मतदारसंघाच्या पहिल्या पानावर जाईल. राजापूरच्या तक्त्यातली शेवटची ओळ २००४.

१० मार्च — बाकी

१९५७, १९६२ आणि १९६७ च्या सीमांचे तीन स्वतंत्र थर अजून रंगवायचे आहेत. क्रम उलटा ठेवावा: आधी १९६७, मग मागे. जवळच्या जनगणनेची गावयादी हाताशी असते आणि एक थर पक्का झाला की मागच्या आदेशातले फरक तेवढेच शोधावे लागतात. १९५७ साठी १९५१ ची रत्नागिरी जिल्हा पुस्तिका, त्यात सावंतवाडी संस्थानातून १९४८ नंतर आलेली गावं वेगळी खूण करून.